पेवातली हळद, पोत्यातले शेंगदाणे आणि अफ्लाटॉक्सिन : 'नैसर्गिक साठवण' हा संशोधनाचा विषय कसा होतो?



पीएचडीसाठी विषय शोधणाऱ्या, विशेषतः सूक्ष्मजीवशास्त्र, वनस्पतिशास्त्र, जैवतंत्रज्ञान किंवा अन्नशास्त्राच्या मुलामुलींकडून एक विषय हमखास ऐकायला येतो : "साठवलेल्या धान्यावरच्या बुरशीवर वनस्पतींच्या अर्काचा परिणाम." विषय चांगला आहे. आपल्या भागाशी त्याचा थेट संबंध आहे, खर्च आटोक्यात राहतो आणि 'पारंपरिक ज्ञान' म्हटलं की मार्गदर्शकही मान डोलावतात. पण याच विषयात काम भरकटण्याची शक्यताही मोठी असते. म्हणून आज हा विषय सांगली-साताऱ्याची उदाहरणं घेऊन मुळापासून बघू. शेवटी तुमच्या हातात एक चांगला संशोधन-प्रश्न मांडण्याची पद्धत यावी, एवढाच हेतू आहे.

आधी शत्रू ओळखू

धान्यावर, शेंगदाण्यावर, मिरचीवर, हळदीवर हिरवट-पिवळट बुरशी येते. तिच्यातली एक महत्त्वाची जात म्हणजे अॅस्परजिलस फ्लेव्हस. ही बुरशी आणि तिची बहीण अॅस्परजिलस पॅरासिटिकस या दोघी अफ्लाटॉक्सिन नावाची विषं तयार करतात. नावाची फोडही सोपी आहे : 'अॅस्परजिलस'चा अ, 'फ्लेव्हस'चा फ्ला आणि पुढे टॉक्सिन.

हे विष जगाला कळलं १९६० मध्ये. इंग्लंडमध्ये काही महिन्यांत एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले. कारण सापडेना म्हणून रोगाला 'टर्की एक्स' असं नाव दिलं. शेवटी धागा पोचला ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत आणि तिच्यातल्या बुरशीपर्यंत.

आपल्या देशातली घटना त्याहून जास्त लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९७४ च्या अखेरीस राजस्थान आणि गुजरातच्या सीमेवरच्या आदिवासी पट्ट्यात कावीळ आणि पोटात पाणी होण्याची साथ आली. ३९७ जण आजारी पडले, १०६ जण दगावले. मका काढणीच्या वेळी अवकाळी पाऊस झाला होता, ओला मका तसाच घरात साठवला गेला होता आणि लोकांचं रोजचं जेवण तोच मका होता. त्या मक्याच्या नमुन्यांत किलोमागे साधारण ६ ते १५ मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन सापडलं. घरातली कुत्रीही मेली होती, कारण तीही तेच खात होती.

ही झाली तीव्र विषबाधा. रोजच्या जगण्यात धोका वेगळा असतो : थोडं थोडं विष, वर्षानुवर्षं. अफ्लाटॉक्सिन माणसात यकृताचा कर्करोग करतं हे सिद्ध झालेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला पहिल्या गटात, म्हणजे 'नक्की कर्करोगकारक' गटात ठेवलंय. ज्याला हिपॅटायटिस बी ची लागण आहे, त्याच्यात हा धोका कित्येक पट वाढतो.

आणि दोन गोष्टी पाठच करून ठेवा. एक, हे विष स्वयंपाकाच्या उष्णतेने नष्ट होत नाही. भाकरी भाजली, दाणे भाजले, डाळ शिजवली तरी त्याचा बराच भाग शिल्लक राहतो. दोन, बुरशी मेली म्हणजे विष गेलं असं नाही. दाणे स्वच्छ पुसले, उन्हात टाकले, बुरशी दिसेनाशी झाली तरी आत तयार झालेलं विष तिथंच असतं. या दुसऱ्या वाक्यावर आपला पुढचा सगळा लेख उभा आहे.

मर्यादा किती?

भारतात अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मर्यादा धान्य आणि डाळींसाठी किलोमागे १५ मायक्रोग्रॅम आहे. प्रक्रियेसाठी जाणाऱ्या शेंगदाण्याला १५, थेट खाण्याच्या दाण्याला १० आणि मसाल्याच्या पदार्थांना ३०. युरोपीय संघाची मसाल्यांसाठीची मर्यादा १० आहे, म्हणजे आपल्या एक तृतीयांश. सांगलीची हळद युरोपला पाठवायची तर हा आकडा ओलांडून चालत नाही.

१५ मायक्रोग्रॅम म्हणजे किती, याचा अंदाज येण्यासाठी हिशोब करू. हजार टन दाण्यांत मिळून १५ ग्रॅम. शंभर किलोच्या एका पोत्यात दीड मिलिग्रॅम. डोळ्याला दिसणं, वासाने कळणं, चवीने ओळखणं यांतलं काहीही इथं उपयोगाचं नाही.

हरिपूरची पेवं

आता आपल्या मातीकडे येऊ. "अमक्या गोष्टीचं पेव फुटलंय" असं आपण सहज म्हणतो. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. दख्खनच्या पठारावर ज्वारीची पेवं गावोगाव होती. सांगलीजवळ, कृष्णा-वारणेच्या संगमावर असलेल्या हरिपूरची पेवं मात्र हळदीसाठी नावाजली. सांगली ही हळदीची मोठी बाजारपेठ, २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. भाव पडलेला असताना माल धरून ठेवायचा आणि भाव आला की काढायचा, तर महिनोन्महिने हळद चांगली राहील अशी जागा हवी. ती जागा म्हणजे पेव.

पेवाची रचना मोठ्या मातीच्या रांजणासारखी : तोंड अरुंद, माणूस उतरेल एवढंच, आणि आत पोट फुगलेलं. माती घट्ट आणि न झिरपणारी असावी लागते, म्हणून पेव कुठंही खणता येत नाही. आतून कोरड्या पाल्या-पाचटाचा थर द्यायचा, म्हणजे हळद मातीला टेकत नाही. भरून झालं की तोंड झाकून वरून मातीने बंद करायचं.

पेव उघडल्यावर माणूस लगेच आत उतरत नाही. तोंड उघडं ठेवून वाट बघायची, मग कंदील खाली सोडून बघायचा. कंदील विझला तर आत जायचं नाही. पेवात उतरून गुदमरून माणसं गेल्याच्या घटना खऱ्या आहेत, म्हणून ही काळजी आली. (तुम्ही कधी अभ्यासासाठी गेलात तर कंदिलावर विसंबू नका. ऑक्सिजन मोजणारा मीटर आणि वर थांबलेला माणूस, दोन्ही हवं.)

कंदील का विझतो? बंद पेवात पाचट, माती, किडे आणि सूक्ष्मजीव श्वसन करतात. ऑक्सिजन संपत जातो, कार्बन डायऑक्साइड वाढत जातो. आज हवाबंद पिशव्या मिळतात, बाहेर विणलेली गोणी आणि आत जाड प्लॅस्टिकचे थर. त्यांचं तत्त्व हेच आहे. म्हणजे आपल्याकडचं पेव ही हवाबंद साठवणच आहे, फक्त मातीतली.

इथं थांबा. एक प्रश्न विचारा.

"पेवात ऑक्सिजन कमी होतो, म्हणून बुरशी वाढत नाही, म्हणून अफ्लाटॉक्सिन होत नाही." वाक्य ऐकायला बरोबर वाटतं. संशोधनाच्या प्रस्तावात असं वाक्य लिहिलं की परीक्षक तिथंच पेन टेकवतात. का, ते बघू.

हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के असतो. कंदिलाची ज्योत तो १६ टक्क्यांच्या आसपास आला की विझते. धान्यातले किडे जगायचे थांबण्यासाठी ऑक्सिजन पाच टक्क्यांच्याही खाली जाऊन बरेच दिवस तिथं राहावा लागतो. आणि अॅस्परजिलस फ्लेव्हस? ती याहून चिवट आहे. ऑक्सिजन निम्म्यावर आला तरी तिला फारसा फरक पडत नाही. तो एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याखाली जावा लागतो, किंवा सोबत कार्बन डायऑक्साइड भरपूर वाढावा लागतो, तेव्हा कुठे तिची वाढ आणि विष तयार होणं ठळकपणे घटतं.

म्हणजे विझलेला कंदील 'माणसाला धोका आहे' हे सांगतो. 'बुरशी थांबली' हे तो सांगत नाही. एका गोष्टीचा पुरावा दुसऱ्या गोष्टीचा पुरावा म्हणून वापरायचा नाही, हा संशोधनातला पहिला धडा पेवाच्या तोंडाशीच मिळतो.

मग पेवात हळद टिकते ती कशामुळे? माझ्या मते उत्तराचा मोठा भाग पेवात जाण्याआधीच घडलेला असतो. हळद काढल्यावर ती शिजवतात, पूर्वी मोठ्या कढईत, आता बहुतेक ठिकाणी वाफेच्या कुकरमध्ये. मग दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवतात आणि ड्रममध्ये पॉलिश करतात. हळकुंड मोडलं की कट्ट आवाज आला पाहिजे. ओलावा १० टक्क्यांच्या आत आला की बुरशीला लागणारं पाणीच तिथं राहत नाही. पेवाचं काम पुढचं : तो कोरडेपणा टिकवणं, पावसाळ्याची दमट हवा आत येऊ न देणं, तापमान स्थिर ठेवणं आणि किडे मारणं.

याची उलट बाजूही तितकीच खरी. फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद अंगणात वाळत असताना अवकाळीचा एक फटका बसला आणि ती अर्धवट ओली राहिली, तर जगातलं कुठलंही पेव तिला वाचवणार नाही. आणि पेवाची स्वतःचीही मर्यादा आहे. २००५ च्या महापुरात कृष्णेचं पाणी हरिपूरच्या पेवांत शिरलं, त्यात पेवांचं मोठं नुकसान झालं. २०१९ ला पुन्हा महापूर आला. आता माल मुख्यतः गोदामात आणि शीतगृहात जातो. पेव 'नैसर्गिक' आहे, पण नदीकाठी नैसर्गिक गोष्टींत पूरही येतो.

पाण्याचा हिशोब : टक्केवारी फसवते

साताऱ्याकडे या. ज्वारी १४ टक्के ओलाव्याला जेवढी सुरक्षित असते, साधारण तेवढाच शेंगदाणा ८ टक्क्यांना असतो. का? शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेल असतं आणि तेल पाणी धरून ठेवत नाही. शंभर ग्रॅम दाण्यात ८ ग्रॅम पाणी असेल आणि ४८ ग्रॅम तेल असेल, तर ते ८ ग्रॅम पाणी उरलेल्या ५२ ग्रॅमच्या वाट्याला येतं. म्हणजे तेल सोडून हिशोब केला तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर जातो.

म्हणून बुरशीच्या अभ्यासात 'ओलावा किती टक्के' यापेक्षा 'बुरशीला वापरता येईल असं पाणी किती' हे मोजतात. त्याला जल-सक्रियता म्हणतात. शुद्ध पाण्याची १ धरली, तर ०.७० च्या खाली साठवणीतल्या बहुतेक बुरशा वाढत नाहीत. अॅस्परजिलस फ्लेव्हसला वाढायला साधारण ०.८० लागते आणि विष भरपूर तयार करायला त्याहून थोडी जास्त. तापमान २५ ते ३५ अंश हे तिचं आवडतं. सप्टेंबर-ऑक्टोबरमधलं आपलं कुठलंही गोदाम आठवा.

तुमच्या प्रस्तावात फक्त ओलाव्याची टक्केवारी असेल आणि पीक तेलबियांचं असेल, तर हा प्रश्न तोंडी परीक्षेत येणार हे धरून चाला.

अजून एक गोष्ट. शेंगदाण्यात बुरशी गोदामात येते असं समजू नका. ती जमिनीत असते. शेंग पोसण्याच्या शेवटच्या टप्प्यात पाऊस गेला, जमीन तापली, की ती शेतातच शेंगेत शिरते. माण, खटाव, जत, आटपाडी या तालुक्यांत असा ताण नवा नाही. पुढे काढणीनंतर वेल उलटे करून शेंगा वर ठेवल्या तर लवकर वाळतात, ढिगात तशाच ठेवल्या तर आत वाफ धरते. हाताने फोडायला सोपं जावं म्हणून शेंगांवर पाणी मारायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. महिनाभर कष्टाने वाळवलेला माल त्या एका शिंतोड्याने पुन्हा बुरशीच्या हद्दीत जातो. 'नैसर्गिक नियंत्रण' म्हणून आपण अर्क शोधत बसतो, आणि सगळ्यात स्वस्त नियंत्रण म्हणजे ते पाणी न मारणं हे राहून जातं.

राख, कडुनिंबाचा पाला, बिब्बा, एरंडेल

आजीच्या कणगीत काय काय असायचं? शेणामातीने सारवलेली बांबूची कणगी, तळाला राख, मध्ये कडुनिंबाचा पाला, गव्हात बिब्बे, डाळीला एरंडेलाचा हात. यांतलं प्रत्येक तंत्र कशावर काम करतं, ते वेगवेगळं लिहून बघा.

राख दाण्यांमधल्या फटी भरते, किड्यांच्या अंगावरचा मेणचट थर खरवडते आणि थोडा ओलावा शोषते. एरंडेलाचा पातळ थर भुंगेऱ्याला अंडी घालू देत नाही, घातलेली अंडी गुदमरवतो. कडुनिंबाचे घटक किड्यांना खाण्यापासून आणि वाढण्यापासून रोखतात. म्हणजे ही बहुतेक तंत्रं *किड्यांविरुद्धची* आहेत.

मग बुरशीशी त्यांचा संबंध नाही का? आहे, पण आडवाटेने. सोंडकिड्याने दाण्याला भोक पाडलं की बुरशीला दार उघडतं. किड्यांच्या श्वसनातून उष्णता आणि पाणी तयार होतं, पोत्याच्या पोटात एक गरम-दमट कप्पा तयार होतो, तिथं बुरशी वाढते. किडे कमी तर बुरशी कमी. हा संबंध खरा आहे, पण तो 'कडुनिंब बुरशी मारतो' या वाक्यापेक्षा वेगळा आहे. आणि पाला हिरवा, ओलसर घातला तर आपणच कणगीत पाणी नेऊन ठेवतो.

कडुनिंबाबद्दल एक जुना आणि फार शिकवणारा अभ्यास आहे. १९८८ मध्ये अमेरिकेत भटनागर आणि मॅक्कॉर्मिक यांनी कडुनिंबाच्या पानांच्या अर्कात अॅस्परजिलस पॅरासिटिकस वाढवली. बुरशीची वाढ जवळपास तशीच राहिली, पण अफ्लाटॉक्सिन तयार होणं रोखलं गेलं. बुरशी जिवंत, विष बंद.

हे वाचल्यावर तुमच्या डोक्यात लगेच यायला हवं : मग याच्या उलटही होऊ शकतं. बुरशीची वाढ कमी झाली, पण जी उरली तिने ताणाखाली विष जास्त केलं. अर्धवट मात्रेत बुरशीनाशक दिल्यावर विष वाढल्याची निरीक्षणं या क्षेत्रात आहेत. म्हणून फक्त पेट्री डिशमधल्या वर्तुळाचा व्यास मोजून "अर्काने अफ्लाटॉक्सिनवर नियंत्रण मिळवलं" असा निष्कर्ष काढता येत नाही. व्यास हा वाढीचा आकडा आहे. विष वेगळं मोजावंच लागतं.

डिशमधून पोत्यात जाताना

लवंगेतलं युजेनॉल, ओव्यातलं थायमॉल, दालचिनीतलं सिनामाल्डिहाइड : हे तिन्ही डिशमध्ये अॅस्परजिलसला चांगलं रोखतात. यावर शोधनिबंधांचं अक्षरशः पेव फुटलेलं आहे. तरीही बाजार समितीत ओव्याच्या तेलाची प्रक्रिया केलेलं एकही पोतं तुम्हाला दिसणार नाही. का?

समजा डिशमध्ये दर मिलिलिटर माध्यमाला एक मायक्रोलिटर तेल पुरलं. एक टन शेंगदाणे साधारण दीड घनमीटर जागा व्यापतात. तेवढ्याच प्रमाणात धरलं तरी टनाला दीड लिटर लवंग तेल लागेल. लवंग तेलाचा भाव एकदा दुकानात विचारा आणि शेंगदाण्याच्या भावाशी ताडून बघा. शिवाय डिशमधलं माध्यम पाणीदार असतं, शेंगदाणा तेलकट असतो. सुगंधी तेलाचा मोठा भाग दाण्यातल्या तेलात विरघळून बसतो, बुरशीपर्यंत पोचतच नाही, म्हणून मात्रा आणखी वाढवावी लागते. तेल उडून जातं, महिन्याभराने किती उरलं हा प्रश्न राहतो. आणि लवंगेच्या वासाची हळद कोणता व्यापारी घेईल?

म्हणजे हे काम निरुपयोगी आहे का? अजिबात नाही. पण उपयोगाची जागा नीट शोधावी लागते. उदाहरणार्थ, पेरणीसाठी राखून ठेवलेलं बियाणं : प्रमाण कमी, किंमत जास्त, वासाची अडचण नाही. फक्त तिथं उगवणक्षमता मोजावी लागेल, कारण बुरशी मारणारं तेल अंकुरही मारू शकतं. किंवा हवाबंद पिशवी आणि तेलाची वाफ एकत्र, म्हणजे तेल उडून जाणार नाही आणि मात्रा कमी लागेल.

आणखी एक गंमत सांगतो. हळदीतलं कर्क्युमिन आणि हळदीचं तेल दोन्ही प्रयोगशाळेत बुरशीरोधक ठरलेत. तरी ओलसर हळकुंडावर बुरशी येतेच. घटक असणं वेगळं, तो योग्य जागी, योग्य मात्रेत असणं वेगळं.

नमुना : इथं बहुतेक जण पडतात

आता या विषयातली सगळ्यात अवघड गोष्ट. अफ्लाटॉक्सिन पोत्यात सारखं पसरलेलं नसतं. हजारो दाणे स्वच्छ असतात आणि एखाद्याच दाण्यात विष ठासून भरलेलं असतं. अगदी वाईट दाण्यात त्याचं प्रमाण ग्रॅममागे एक मिलिग्रॅमपर्यंत गेल्याची नोंद आहे.

हे टोकाचं उदाहरण घेऊनच हिशोब करू. दाणा अर्ध्या ग्रॅमचा धरा. शंभर किलोच्या पोत्यात दोन लाख दाणे. त्यांत असे फक्त तीन वाईट दाणे असले, तर एकूण विष दीड मिलिग्रॅम, म्हणजे बरोबर किलोमागे १५ मायक्रोग्रॅम. पोतं मर्यादेवर.

आता तुम्ही त्यातून एक किलोचा नमुना घेतला, म्हणजे दोन हजार दाणे. त्यात वाईट दाणा येण्याची शक्यता साधारण शंभरात तीन. म्हणजे ९७ वेळा तुमचं यंत्र म्हणेल 'विष शून्य'. आणि उरलेल्या तीन वेळा म्हणेल 'किलोमागे ५०० मायक्रोग्रॅम'. पोतं तेच. दोन्ही उत्तरं चूक, आणि यंत्र मात्र अगदी बरोबर चाललंय!

म्हणून एचपीएलसी कितीही महाग असो, एलायझा किट कितीही संवेदनशील असो, नमुना नीट नसेल तर आकड्याला अर्थ नाही. पोत्याच्या वेगवेगळ्या ठिकाणांहून बरेच छोटे नमुने घ्यायचे, सगळे एकत्र करायचे, *सगळे* बारीक दळायचे, नीट मिसळायचे आणि मग त्यातून चाचणीपुरतं काढायचं. पेवात तर मधली हळद आणि भिंतीलगतची हळद वेगळी नोंदवावी. पेवातल्या कडेच्या ज्वारीला कुबट वास येतो हे जुन्या माणसांना माहीत होतं. तो वास म्हणजे नमुना कुठून घ्यायचा याची सूचनाच आहे.

स्वस्त चाचण्या आता आवाक्यात आहेत. हैदराबादजवळच्या इक्रिसॅटने अफ्लाटॉक्सिनसाठी कमी खर्चाची एलायझा पद्धत विकसित केली, ती याच गरजेतून. अतिनील दिव्याखाली बी गटाचं विष निळं आणि जी गटाचं हिरवं चमकतं, पण नुसती चमक बघून आकडा लिहू नका. ती शंका घेण्यापुरती ठीक, सिद्ध करण्यापुरती नाही.

निवडून टाकलेले दाणे कुठं जातात?

काळे, आकसलेले, बुरसटलेले दाणे निवडून वेगळे काढणं हा अफ्लाटॉक्सिन कमी करण्याचा फार प्रभावी आणि शंभर टक्के नैसर्गिक मार्ग आहे, कारण विष थोड्याच दाण्यांत साठलेलं असतं. हे काम आपल्याकडे बहुतेक बायका करतात, सुपात आणि चाळणीवर.

पण निवडलेले दाणे फेकले जात नाहीत. त्यांना गिऱ्हाईक असतं. ते घाण्यावर जाऊ शकतात. गाळप झालं की विषाचा मोठा भाग पेंडीत राहतो आणि काही तेलात उतरतो. रिफाइंड तेलात क्षाराची प्रक्रिया आणि विरंजन यांमुळे ते निघून जातं. लाकडी घाण्याच्या, न शुद्ध केलेल्या तेलात तसं होत नाही. म्हणून 'नैसर्गिक' घाण्याचं तेल चांगलं की वाईट, हे घाणा कुठल्या लाकडाचा यावर नाही, आत कोणते दाणे घातले यावर ठरतं.

पेंड गाई-म्हशींना जाते. त्यांच्या शरीरात बी-१ चं रूपांतर एम-१ मध्ये होतं आणि ते दुधात उतरतं. दुधासाठी आपली मर्यादा किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम आहे. सातारा-सांगली हा दुधाचा पट्टा आहे हे वेगळं सांगायला नको. वरच्या प्रतीचा माल निर्यातीला, मधला बाजाराला आणि खालचा कुणाच्या ताटात, याचा माग तुमच्या प्रबंधाच्या एखाद्या प्रकरणात तरी यायला हवा असं मला वाटतं. नाहीतर आपण विष कमी करत नाही, फक्त त्याचा पत्ता बदलतो.

मग प्रश्न कसा मांडायचा?

"सांगली-सातारा जिल्ह्यांतील पारंपरिक साठवण पद्धतींचा अभ्यास" हा विषय आहे, प्रश्न नाही. प्रश्न असा दिसतो :

"१० टक्के आणि १४ टक्के ओलाव्याची हळद हवाबंद ठेवल्यास, सहा महिन्यांत ऑक्सिजन किती खाली जातो, आणि त्याच काळात अॅस्परजिलस फ्लेव्हसची संख्या आणि अफ्लाटॉक्सिन बी-१ यांत किती फरक पडतो?"

यात ओलावा आणि साठवण हे बदल तुमच्या हातात आहेत, तीन गोष्टी मोजायच्या आहेत, काळ ठरलेला आहे. आता तुलनेचे गट ठरवा :

१. साधी गोणी, काही न घालता.
२. साधी गोणी, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून.
३. हवाबंद पिशवी, काही न घालता.
४. हवाबंद पिशवी, तोच पाला घालून.

चारही गट दोन्ही ओलाव्यांना. प्रत्येकाच्या किमान तीन-चार पुनरावृत्ती. दर महिन्याला उघडायचं असेल तर प्रत्येक महिन्यासाठी वेगळी पिशवी ठेवा, कारण एकदा उघडलेली पिशवी हवाबंद राहत नाही. असं केलंत तर पाल्याचा परिणाम वेगळा, हवाबंदपणाचा वेगळा आणि दोघांचा मिळून वेगळा, असं सांगता येईल. फक्त पहिला आणि चौथा गट ठेवलात तर शेवटी श्रेय पाल्याला द्यायचं की पिशवीला, हे कधीच कळणार नाही.

सुरुवातीचं, म्हणजे शून्य दिवसाचं अफ्लाटॉक्सिन मोजायला विसरू नका. साठवण विष थांबवू शकते, आधीचं काढून टाकू शकत नाही. बुरशी मुद्दाम सोडून प्रयोग करणार असाल तर प्रयोगशाळेच्या सुरक्षा नियमांत करा, हातमोजे-मास्क वापरा आणि तो माल नंतर जनावरांना किंवा उकिरड्यावर जाणार नाही याची लेखी व्यवस्था करा.

शेतावर जाणार असाल तर सांगलीजवळ कसबे डिग्रजला महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं हळद संशोधन केंद्र आहे. प्रस्ताव लिहिण्याआधी अशा ठिकाणी एकदा बोलून या. आणि ज्यांच्या घरी अजून कणगी किंवा पेव आहे अशा माणसांना 'तुम्ही काय घालता' एवढंच विचारू नका. 'कधी खराब झालं, कुठून खराब झालं, मग काय केलंत' हे विचारा. यश सगळे सांगतात, पण तुमचा प्रयोग कुठं अपयशी ठरू शकतो हे त्या दुसऱ्या उत्तरांतून कळतं.

पारंपरिक पद्धत खरी ठरवायची किंवा खोटी पाडायची, असा हा खेळ नाही. पेव कुठल्या ओलाव्याला, किती दिवस आणि कोणत्या कोपऱ्यात काम करतं, हे आकड्यात सांगता आलं तर त्याचा उपयोग हळद पिकवणाऱ्याला होईल. आणि "नाही, या ओलाव्याला नाही चालत" असं उत्तर आलं तर तेही तितक्याच ठामपणे लिहा. ते उत्तर वाचून कुणीतरी हळद अजून दोन दिवस उन्हात ठेवेल.

प्रस्ताव लिहायला घेतलात की आधी तुमचा प्रश्न एका वाक्यात लिहा, आणि त्या वाक्यात मोजता येणार नाही असा एकही शब्द नाही ना, हे तपासा. 'प्रभावी', 'उपयुक्त', 'नैसर्गिक' हे तीन शब्द सापडले तर खोडा आणि त्या जागी आकडा, एकक किंवा पदार्थाचं नाव लिहा. अर्धं काम तिथंच होतं.